सहा महिने धाग्याचे, पुढचे माझे

तळोज्याच्या एका कारखान्यात मी धागे तोडते. ऑपरेशननंतर पोट शिवायला जो धागा वापरतात तो आमच्याकडे बनतो, आणि बनला की त्यातले काही तुकडे माझ्या टेबलावर येतात. मी एकेक तुकडा यंत्राच्या दोन चिमट्यांत अडकवते, बटण दाबते आणि तो तुटेपर्यंत बघत बसते. किती जोराला तुटला ते नोंदवते आणि पुढचा घेते. शिवाय आणखी एक काम असतं. अंगात असतो तेवढ्या कोमट पाण्यात धागे महिनोन्महिने बुडवून ठेवायचे, अधूनमधून एखादा काढायचा आणि तो किती थकला ते तोडून बघायचं. कारण हा धागा पोटात विरघळतो. विरघळण्यासाठीच तो बनवलेला असतो. महिना-दीड महिना चांगला धरतो, मग सैल पडत जातो आणि सहा-सात महिन्यांत त्याचा मागमूस राहत नाही. आधी विरघळला तर पंचाईत, म्हणून माझी नोकरी.

माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लग्न होऊन मी आले ती खाडीकाठच्या एका आगरी घरात. गावाला आता तिन्ही बाजूंनी टॉवर आहेत आणि चौथ्या बाजूला थोडी खाडी शिल्लक आहे. सासूबाईंना माझी नोकरी समजावून सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी ती गावाला दोन वाक्यांत समजावली.

"आमची सून धागं तोरते. त्याचा तिना पगार गावतो."

हे त्या अभिमानाने सांगायच्या. ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायच्या. एकीने विचारलं, "दिवसभर तोरते?" तर सासूबाई म्हणाल्या, "ओवरटाइमला पन तोरते."

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य दोऱ्याशी बांधलेलं. सासरे होते तेव्हा त्यांची मासेमारीची फाटकी जाळी आईच शिवायच्या. जाळी गेली, जमीन गेली, घरावर मजले चढले, खाली भाडेकरू आले, तरी जाळ्याच्या हिरव्या नायलॉनचं एक रीळ कपाटात राहिलं होतं आणि घरातल्या निम्म्या वस्तू त्याच्यावर उभ्या होत्या. कपड्यांची दोरी तीच. पाण्याच्या टाकीचं झाकण त्यानेच बांधलेलं. माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटचा पट्टासुद्धा. गावातल्या शिंप्याने एकदा कच्चा दोरा वापरला आणि पहिल्याच धुण्यात ब्लाउजची बाही निघून आली, तेव्हापासून आई शिंप्याकडे जाताना स्वतःचा दोरा घेऊन जातात. कापड आपलं, दोरा आपला, शिलाई तेवढी त्याची. हा त्यांचा नियम आहे आणि त्याच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नाही.

मग त्यांचं पोट वाढायला लागलं. त्या म्हणाल्या गॅस आहे. ओवा झाला, हिंग झाला, शेजारणीने दिलेली कसलीशी पूड झाली. शेवटी मीच ओढून सोनोग्राफीला नेलं, तर पोटात मोठी गाठ निघाली. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो बघून सांगितलं की गाठ साधी दिसतेय, घाबरू नका, पण ती देठावर लोंबतेय. देठाला पीळ पडला तर धावपळ करायलासुद्धा वेळ मिळणार नाही. पोट उघडून काढावी लागेल, आणि लवकर.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आई मात्र शांत होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला, हिरवं रीळ काढलं आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"मावशी, हे काय?"

"दोरा. आमचे जाल्याचा हाय. नवा हाय, वापरलेला नाय. याना शिवा."

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, हा असा नाही वापरता येत. यावर जंतू असतात."

"उकलून आनते."

नवरा छताकडे बघायला लागला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी याच धंद्यातली आहे हे आल्या आल्या त्यांना सांगून झालं होतं. मी भिंतीवरचं गर्भाशयाचं चित्र लक्ष देऊन वाचत होते. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. मुदत संपलेला धागा, विद्यार्थ्यांना गाठी मारायला शिकवण्यापुरता ठेवलेला. जांभळा, गुळगुळीत, एकसंध. बघताच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं मला.

आईंनी तो दोन बोटांना गुंडाळून खेचला. उजेडात धरला. दाताने चावून बघितला. सांगते, आमच्या कारखान्यात लाखो रुपयांची यंत्रं आहेत, पण इतकी कडक तपासणी मी पाहिलेली नाही.

"बरा हाय," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी, बिचाऱ्यांनी, आनंदाची बातमी द्यावी तशी सांगितलं, "आणि टाके काढायची भानगड नाही, मावशी. सहा-सात महिन्यांत आपोआप विरघळून जातो."

आईंनी धागा टेबलावर ठेवला आणि बोटं पदराला पुसली.

"कच्चा हाय. चला."

त्या उठल्या. रीळ पिशवीत गेलं. आम्ही दोघं त्यांच्या मागून बाहेर आलो, शिंप्याच्या दुकानातून बाहेर पडावं तसे.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. मी जेवताना समजावलं, भाजी निवडताना समजावलं. आई, धागा फक्त मांस जुळेपर्यंत लागतो. एकदा जुळलं की धाग्याचं काय काम? पोटात कायमचा दोरा राहिला तर तो कधी टोचतो, कधी त्याला पू धरतो. त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तू जो धागा रोज तोरतंस, तो मना लावनार?"

"आई, मी तोडते तो कुणाला लावत नाहीत. लावतात तो मी तोडत नाही."

त्यांनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली.

"मंग जो लावतात तो घट हाय ह्या तुना कसा समजला? तू तर तो तोरलाच नाय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी हेच साहेबांना विचारलं. साहेब बराच वेळ चहा ढवळत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या सासूबाई कुठे कामाला होत्या?"

मला या सगळ्याचं हसू यायचं आणि त्याच वेळी संताप यायचा. एक गाठ देठावर लोंबतेय, कधीही पीळ पडेल, आणि आम्ही दोऱ्याच्या पक्केपणावर चर्चा करतोय. मग एका दुपारी ते झालं. सुट्टीचा दिवस होता. आई तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि एकदम ताटावर वाकल्या. आवाज नाही, काही नाही. कपाळ ताटातल्या तांदळांवर टेकलेलं. नवऱ्याने गाडीची किल्ली शोधायला सगळं घर उलथंपालथं केलं, ती त्याच्या खिशातच होती. तेवढ्यात कळ ओसरली. आई सरळ झाल्या, कपाळाला चिकटलेले तांदूळ त्यांनी एकेक करून काढून पुन्हा ताटात टाकले.

"आये, आता बस झाला," नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "उद्या जाव."

"देवीला कौल लावू," आई म्हणाल्या. "ती बोलली तर जाव."

आमच्या गावात मोठं काही ठरवायचं असलं की देवीला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमिनी द्यायच्या की नाही तेही असंच विचारलं होतं म्हणे. माझ्या माहेरी ही पद्धत नाही, पण मी म्हटलं, ठीक आहे, निदान अर्धी शक्यता तरी आपल्या बाजूने आहे. डॉक्टरीणबाईंच्या बाजूने तेवढीही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवळात गेलो. देऊळ नवं आहे, आतून सगळं काळं ग्रॅनाइट. पुजारी बाकीच्या वेळात लोकांना भाड्याचे फ्लॅट दाखवतात, त्यामुळे ते आधी फोनवर कुणाला तरी दोन बाथरूमबद्दल सांगत होते. फोन ठेवून त्यांनी पाकळ्या ओल्या केल्या, देवीच्या खांद्यांवर लावल्या आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"धाग्याचा नाव काय? देवीला नक्की सांगाया लागतो."

मी सांगितलं, "पॉलिडायॉक्सॅनोन."

त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग देवीला म्हणाले, "आये, हिचे सुनेचे कंपनीतला जांभला धागा."

"आमच्याच कंपनीचा असेल असं नाही," मी म्हटलं.

"गप ना," नवरा म्हणाला.

तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. आता मी काय करणार, सवय आहे. मी म्हटलं, पंखा बंद करा, वाऱ्याने पाकळी पडली तर तो निकाल धरता येणार नाही. पुजाऱ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं आणि पंखा बंद केला. आणि मग पाकळ्या पडेचनात. आम्ही चौघं घामाने निथळत उभे, देवीच्या खांद्यावर दोन पाकळ्या गच्च बसलेल्या. पुजाऱ्यांचा फोन दोनदा वाजून थांबला. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर पंख्याचा विषय निघणार हे मला कळलं.

"देवीला शंका हाय," पुजारी शेवटी म्हणाले. "तिचा कायतरी अरलाय." आणि मग देवीच्या वतीने त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. "धागा गेला. मंग पोट कोन धरील?"

"तोवर मांस जुळलेलं असतं."

"पयल्यासारका घट?"

इथे मी हो म्हणायला हवं होतं. कुणीही शहाणं माणूस हो म्हणालं असतं. पण रोज आकडे नोंदवणाऱ्या बाईच्या तोंडून खोटं बाहेर पडायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत खरं बाहेर पडलेलं असतं.

"जवळजवळ," मी म्हणाले.

पुजाऱ्यांनी मान हलवली. नवऱ्याने डोळे मिटले. मी आईंकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दिसलं की त्या भ्यायल्यात. हट्ट कधीचाच संपला होता. त्या देवीकडे बघत माझ्याशी बोलल्या.

"मी सगला माजे हातानी बांधला गो. घर बांधला, जाली बांधली, पोरगा वारवला. आता माजा पोट फारतील आनि मी निजलेली. मना गाठ पन मारता येनार नाय. आनि जी मारतील ती पन जानार. मंग कोन धरील?"

वाईट वाटलं की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे, आणि त्या घटकेला मला भयंकर वाईट वाटत होतं.

"मी धरीन!" मी ओरडले. "सहा महिने धागा धरील, पुढे मी धरीन! जन्मभर धरीन! पण आधी ती गाठ काढा, आई!" आणि समोरच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर मी थाडकन हात आपटला.

उजवी पाकळी पडली.

पुजाऱ्यांनी लगेच घंटा बडवली. आता मला माहीत आहे काय झालं ते. पाकळीची कड वाळत आली होती आणि कट्टा हादरला. आमच्याकडे अशी चाचणी रद्द करतात, पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही, देवा शपथ, तोंड उघडलं नाही. पुजाऱ्यांनी कौल जाहीर केला: "सहा महिने धागा, म्होरं सून." आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देवीचे म्होरं बोललंस. ध्यानान ठेव."

ऑपरेशन नीट झालं. गाठ खरंच साधी निघाली. डॉक्टरीणबाईंनी ती ट्रेमध्ये घालून नवऱ्याला दाखवली, आणि त्याला खुर्चीपर्यंत मीच धरून नेलं. दुसऱ्या दिवशी नर्सने आईंना उशी दिली आणि सांगितलं, खोकला आला, शिंक आली की ही पोटावर घट्ट दाबून धरायची. मी उशी दाबायला पुढे झाले, तर आईंनी माझा हात बाजूला केला.

"आता धागा हाय. तुजा नंबर नाय अजून."

करार म्हणजे करार. ते सहा महिने त्यांनी मला पोटाला हात लावू दिला नाही. पण रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी घरी आले की विचारायच्या, "धागा कसा हाय?" त्यांना ठाऊक होतं की कोमट पाण्यात माझ्याकडे तसलेच धागे बुडवलेले आहेत. इस्पितळात ठेवलेल्या नातेवाइकाची चौकशी करावी तशी ती चौकशी असायची. मी सांगायचे, चांगला आहे. पुढे सांगायला लागले, थकलाय. नंतर, फारच थकलाय. एका संध्याकाळी मला सांगावं लागलं की आज पाण्यातून उचलायला गेले आणि चिमट्यातच त्याचा भुगा झाला.

आईंनी हात जोडले. "बिचाऱ्यानी लय धरला," म्हणाल्या. मग पोटावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आता तुजा नंबर."

मला वाटलं गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटत होते तर बाहेरून हाक आली, "सुनबाय, धर!" मी पिठाच्या हातांनी धावले. आईंनी खोकला तोंडात अडवून धरला होता, डोळ्यांत पाणी आलेलं. मी त्यांच्या पोटावर तळवा दाबला. तेव्हा त्या खोकल्या, समाधानाने.

मग हेच सुरू झालं. खोकला आला, धर. शिंक आली, धर. शेजारच्या हळदीत डीजे चालू असताना कुणीतरी काही विनोद केला आणि शंभर माणसांतून आईंची हाक आली. मी नव्या साडीत धावत गेले आणि त्यांचं हसणं संपेपर्यंत पोट धरून उभी राहिले. पाहुण्यांना ती आमच्या घरची काही रीत वाटली असावी. एका म्हातारीने नवऱ्याला विचारलंही, ही रीत कुठल्या देवाची. मी कामावर असले तर फोन यायचा.

"शिंक आलीय. धर."

एका हातात फोन, दुसरा हात यंत्रावर. मी म्हणायचे, "धरलं, आई."

"धरला?"

"धरलं."

मग तळोज्यात मला शिंक ऐकू यायची. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने एकदा विचारलं, घरी बाळ आहे का. मी हो म्हणून टाकलं. डॉक्टरीणबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी पोट सगळीकडून दाबलं, खोकायला लावलं आणि म्हणाल्या, छान जुळलंय, आता काहीही करा. आई त्यांच्याकडे दयेने बघत होत्या. खोकताना माझा हात त्यांच्या पाठीमागून, पदराखालून पोटापर्यंत पोहोचलेला डॉक्टरीणबाईंना दिसला नव्हता.

मी चिडायचे, कुरकुर करायचे. नवऱ्यापाशी म्हणायचे, तुझ्या आईने मला अंगाला बांधून घेतलंय. तो म्हणायचा, तूच ओरडलीस देवळात.

मग एक दिवस फोन आला नाही. दुपार झाली, चहाची वेळ गेली, फोन नाही. हवा बदलली होती, सगळ्या गावाला सर्दी होती, सकाळी निघताना आईंचं नाक वाहत होतं. मी दोनदा फोन उघडून बघितला. बसमध्ये माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. घरी आले तर आई ओट्याजवळ उभ्या, आरामात कोळंबी सोलत होत्या.

"शिंक नाही आली आज?"

"आल्या की. किती आल्या."

"मग फोन का नाही केलात?"

"तू कामान व्हतीस. कनाला तुना तरास?"

"मग धरलं कुणी?"

आईंनी कोळंबीच्या पाण्याने ओला झालेला हात वर केला. "मीच धरला. मंग मंग तर धरला पन नाय. कायच झाला नाय. घट हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. एवढ्यासाठीच तर सगळी मारामारी केली होती. पण मी पर्स खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. का ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मला फार एकटं वाटलं, एवढंच. मी तोंड फिरवलं आणि पाण्याचा ग्लास शोधायला लागले. ग्लास समोरच होता.

मागे कोळंबी सोलायचा आवाज थांबला. आईंनी हात धुतले. मग त्या खोकल्या. इतका खोटा खोकला मी आयुष्यात ऐकलेला नाही.

"सुनबाय," त्या म्हणाल्या, "आला. धर."

मी धावले.